गवताच्या मुलखातले दूध

१९४५ च्या पावसाळ्यानंतर डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारल्यांनी गवत कापायला नकार दिला. आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी त्याच वर्षी २३ मे रोजी किसान सभेची परिषद झाली होती. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वेठबिगारीविरुद्ध लढा उभा राहिला होता. आता मागणी मजुरीची होती : पाचशे पौंड गवत कापण्याबद्दल अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमावावर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मरण पावले.

हे गवत जात कोठे होते? त्याचे मोठे गिऱ्हाईक मुंबई. तिथल्या तबेल्यांतल्या म्हशी या गवतावर जगत आणि त्यांचे दूध शहरातल्या मुलांच्या पेल्यात पडे. गवत कापणाऱ्यांच्या घरी मात्र दुधाला फारसे स्थान नव्हते. नाचणी, वरई, भात, पेज, आंबील, सुकट-बोंबील आणि रानभाज्या हे त्यांचे अन्न. जनावरे असत ती नांगराला. चहा मिळाला तर तो कोरा. तान्हे मूल बराच काळ आईच्या अंगावर पीत असे आणि तिथून थेट पेजेवर येत असे.

मजुरीचा इतिहास पुस्तकांत आहे. आम्हाला इथे त्याच काळात सुरू झालेला दुसरा इतिहास सांगायचा आहे, तो पोटाचा. दूध प्यायल्यावर मुलाचे पोट बिघडले तर त्याचा अर्थ काय, हे विज्ञानाला समजायला बराच वेळ लागला. शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांच्यापुढे हा प्रश्न आजही येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत दूध पावडरीचे ढीग साठले होते. १९४९ पासून युनिसेफने भारतात काम सुरू केले, आणि मुलांना पावडरीचे दूध देणे हा त्याचा एक ठळक भाग होता. १९५५ मध्ये आणंदला पावडरीचा कारखाना उभा राहिला तोही युनिसेफच्या मदतीने. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली, तिचे पहिले भांडवल युरोपातून देणगी म्हणून आलेली पावडर आणि बटर ऑइल हेच होते. या सगळ्यामागे एक समजूत होती : गरीब देशांतल्या मुलांना प्रथिने कमी पडतात आणि दूध हा त्यावरचा हमखास उतारा. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी या समजुतीला आकडेवारीने आव्हान दिले. मुलांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही, आणि ते मिळाले तर नेहमीच्या डाळ-भातातूनही प्रथिनांची गरज बरीचशी भागते, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या मते हा वाद शिक्षकांनी मुळातून वाचावा असा आहे.

दरम्यान डॉक्टरांना वेगळेच काही दिसू लागले होते. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. लहान आतड्याच्या अस्तरातले लॅक्टेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करते. तुकडे झाले नाहीत तर साखर रक्तात शिरत नाही. ती पुढे मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढून घेते आणि तिथल्या जीवाणूंच्या तावडीत सापडून आंबते. मग वायू, गुडगुड, मुरडा आणि जुलाब. १९५९ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी दूध न पचल्याने खंगत गेलेल्या तान्ह्या भावंडांचे वर्णन प्रसिद्ध केले. हा जन्मजात प्रकार अतिशय दुर्मीळ आहे, पण त्यामुळे लोक लॅक्टेज मोजू लागले.

मोजल्यावर जे निघाले त्याने पाठ्यपुस्तकच उलटे झाले. १९६६ मध्ये बाल्टिमोरच्या बेलेस आणि रोझेन्स्वाइग यांना आढळले की अमेरिकेतल्या काळ्या प्रौढांपैकी बहुतेकांत लॅक्टेज कमी असते, तर गोऱ्यांपैकी थोड्यांतच. १९७० च्या सुमारास मुंबईत एच. जी. देसाई, एफ. पी. अँटिया आणि सहकाऱ्यांनी इथल्या लोकांची तपासणी केली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतूनही असेच काम पुढे आले. १९८१ च्या एका अभ्यासात लॅक्टोज न पचण्याचे प्रमाण उत्तर भारतीयांत सुमारे २७ टक्के, तर दक्षिण भारतीयांत सुमारे ६७ टक्के भरले. जगभरची बेरीज केली तर बहुसंख्य माणसांचे लॅक्टेज बालपणानंतर ओसरते. म्हणजे तोच नियम, आणि मोठेपणीही दूध पचणे हा अपवाद.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. त्या काळच्या चाचणीत माणसाला ५० ग्रॅम लॅक्टोज एकदम पाजत, म्हणजे सुमारे लिटरभर दुधातले. आम्ही हा प्रयोग एकदा स्वतःवर करून पाहिला आणि संध्याकाळची बैठक रद्द करावी लागली. दुसऱ्या दिवशी पेलाभर दूध जेवणाबरोबर घेतले, काही झाले नाही. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांचा अनुभव असाच असतो.

या अपवादाचे कारण २००२ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांना सापडले. लॅक्टेजच्या जनुकाशेजारी डीएनएतले एकच अक्षर बदललेले असते. २०१२ मध्ये भारतातल्या दोन हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली, तेव्हा तोच बदल इथेही मिळाला. वायव्येकडे जास्त, आग्नेयेकडे कमी होत जाणारा, आणि गुरे पाळणाऱ्या समाजांत अधिक. हा बदल इतका पसरला कसा? २०२२ मध्ये ब्रिस्टलचे एव्हरशेड आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या हजारो प्राचीन खापरांवरचे दुधाचे अंश तपासले. हा बदल रुळण्याच्या हजारो वर्षे आधीपासून लोक दूध पीत होते. संशोधकांचा तर्क असा, की निरोगी माणसाला न पचलेल्या दुधाने फार तर पोटात गुडगुड होते, पण दुष्काळात, रोगराईत, आधीच जुलाबांनी खंगलेल्या माणसाला तेच प्राणावर बेतते.

हे वाक्य वाचताना आम्हाला डहाणू-तलासरीतली पावसाळ्यानंतरची मुले आठवली. शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे १९९२ चे बालमृत्यू आठवले.

तेव्हा दीड-दोन वर्षांच्या मुलाला दूध सोसत नसेल तर काय समजायचे? या वयात वर सांगितलेली वयपरत्वे येणारी घट सहसा सुरू झालेली नसते. ती साधारण तीन ते पाच वर्षांनंतर जाणवते. ‘आपल्या लोकांना दूध पचतच नाही’ हे उत्तर म्हणूनच इथे लागू पडत नाही. बहुतेक वेळा घडते ते असे : मुलाला हगवण लागते, आतड्याच्या अस्तराची टोके झडतात आणि लॅक्टेज नेमके त्या टोकांवरच असते. मग वरचे दूध दिले की फेसाळ, आंबूस वासाची, पातळ शी होते, पोट फुगते, बसायची जागा लाल होते. कुपोषित मुलात अस्तर सावकाश भरून येते, निरोगी मुलात दोन-चार आठवड्यांत. शाळेच्या प्रयोगशाळेतले बेनेडिक्टचे द्रावण दुधाच्या निवळीत घालून तापवले तर निळ्याचे विटकरी होते, कारण लॅक्टोज क्षपणकारी साखर आहे. दवाखान्यात शीमधली न पचलेली साखर याच तत्त्वावर ओळखत आले आहेत.

दुधाची ॲलर्जी ही याहून पूर्ण वेगळी. तिथे साखरेचा संबंध नाही, दुधातल्या प्रथिनांवर शरीराची प्रतिकारशक्ती उसळते. दूध पोटात गेल्यावर मिनिटांत किंवा दोन तासांत अंगावर गांध्या, ओठांना सूज, उलटी, कधी धाप. दुसऱ्या प्रकारात शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात. ही बहुधा पहिल्या वर्षातच डोके वर काढते आणि शाळेच्या वयापर्यंत बहुतेकांची जाते. गाईऐवजी शेळीचे किंवा म्हशीचे दूध देऊन पाहू, हा सल्ला इथे धोक्याचा, कारण प्रथिने बरीचशी सारखीच असतात. दही, खवा, दूध पावडर घातलेली बिस्किटे हेही बंद करावे लागते. दूध काही आठवडे थांबवून पुन्हा देऊन पाहणे हीच खात्रीची परीक्षा, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. धाप लागली किंवा मूल मलूल झाले तर थेट रुग्णालय.

हगवणीनंतरच्या प्रकारात उपाय सोपे आहेत. जलसंजीवनी, आणि २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते तसे झिंक. खाणे चालू ठेवायचे. वरचे दूध थोडे दिवस कमी करायचे, पण आईचे दूध मुळीच तोडायचे नाही. त्यात सात टक्के, म्हणजे गाईच्या दुधापेक्षा जास्त लॅक्टोज असते, तरी बहुतेक मुले ते सोसतात आणि त्याने सावरतात. दह्यातले जीवाणू बरीच साखर आधीच खाऊन टाकतात आणि उरलेली पचवायला स्वतःचे विकर आणतात, म्हणून दहीभात चालतो. जुलाब चौदा दिवसांपलीकडे गेले, शीत रक्त आले किंवा मूल काही पीतच नसेल तर डॉक्टर हवा.

आम्हाला सर्वांत भीती वाटते ती दूध बंद करून त्या जागी काहीच न देण्याची. गावात असे होते. पावडर बंद झाली, मूल उरले पेजेच्या पाण्यावर. वास्तविक त्या जागी द्यायला या मुलखात काय नाही? शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेवढ्याच गाईच्या दुधात १२० च्या आसपास. सुकट कुटून भाकरीत घालता येते. डाळ आहे, तेलाचा चमचा आहे. राज्याच्या अमृत आहार योजनेत पुढे मुलांसाठी अंडी आणि केळी आली. तलासरीच्या एका पाड्यावर आम्ही एका आजीला विचारले, नातवाला जुलाब लागले तेव्हा काय दिलेत? ती म्हणाली, घट्ट पेज आणि वर थोडे तेल, मग अंड. दूध का नाही, असे विचारल्यावर ती हसली. गाय व्यायली होती, पण वासरू लहान होते.