टोपणनाव आणि कथात्म लेखकत्व : विभावरी शिरूरकरांच्या निमित्ताने

मराठी वाङ्मयात टोपणनावाची परंपरा प्रामुख्याने कवितेची आहे. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज या नावांमागील व्यक्ती वाचकांना अपरिचित नव्हत्या. तेथे टोपणनाव म्हणजे काव्यव्यवहारातील एक संकेत होता. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला, तेव्हा मात्र या संकेताला निराळा अर्थ प्राप्त झाला. लेखिका कोण, हा प्रश्न कथांइतकाच चर्चेचा विषय बनला.

या नावामागे बाळूताई खरे, म्हणजेच विवाहोत्तर मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१) होत्या. शिक्षण घेतलेल्या, अर्थार्जन करणाऱ्या, परंतु विवाह लांबलेल्या प्रौढ कुमारिकांची मानसिक कुचंबणा हा या कथांचा आशय होता. लेखिका स्वतः त्या वेळी अविवाहित होत्या, आणि महर्षी कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणकार्याशी विद्यार्थिनी व शिक्षिका म्हणून निगडित होत्या. लोकांच्या देणग्यांवर व विश्वासावर चालणाऱ्या अशा कार्यात शिक्षिकेच्या नावाला लागलेला बोल तिच्यापुरता मर्यादित राहत नाही. टोपणनावाचे पहिले कारण या परिस्थितीत शोधता येते.

परंतु केवळ भीती हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. इंग्लंडमध्ये मेरी अ‍ॅन इव्हान्स यांनी ‘जॉर्ज इलियट’ हे पुरुषाचे नाव स्वीकारले; ब्राँटी भगिनींनी १८४६ मध्ये ‘बेल’ या आडनावाची, स्त्री की पुरुष याचा उलगडा न करणारी नावे घेतली. शिरूरकरांनी व्यक्ती झाकली, स्त्रीत्व झाकले नाही. हा भेद महत्त्वाचा आहे. या कथांचे सामर्थ्यच स्त्रीने स्वतःच्या अनुभवविश्वाविषयी बोलण्यात होते. पुरुषी नावाने ते उणावले असते. ‘शिरूरकर’ हे आडनावही जन्मगावाशी नाते सांगणारेच आहे.

या योजनेची एक किंमतही होती. नाव अज्ञात राहिल्याने वाचकाचे कुतूहल शमले नाही, उलट चाळवले. कथेतील वेदना कोणाची, हा प्रश्न विचारला की कथा कबुलीजबाब ठरते आणि एका वर्गाची व्यथा एका व्यक्तीच्या चरित्रात आटून जाते. विवाहाविना सहजीवन स्वीकारणाऱ्या विवाहितेचे चित्रण करणाऱ्या ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) या कादंबरीच्या बाबतीत हा धोका अधिकच होता. चरित्रात्मक वाचनापासून संरक्षण देणारे नावच त्या वाचनाला निमंत्रण देते, हा टोपणनावातील अंतर्विरोध होय.

तरीही रहस्य उलगडल्यानंतर हे नाव टाकून दिले गेले नाही. गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींच्या सोलापूर येथील वसाहतीतील अनुभवांवर आधारलेली ‘बळी’ (१९५०) आणि वडिलांच्या जीवनावर आधारलेली ‘खरेमास्तर’ (१९५३) या कादंबऱ्या विभावरी शिरूरकर याच नावाने आल्या. ‘खरेमास्तर’मध्ये तर कुटुंबाचे आडनाव शीर्षकातच आहे, लपवण्यासारखे काही उरले नव्हते. याउलट ‘अलंकारमंजूषा’ हा आरंभीचा अभ्यासग्रंथ बाळूताई खरे या नावाने, तर ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे उत्तरकालीन सामाजिक लेखन मालतीबाई बेडेकर या नावाने प्रसिद्ध झाले. काव्यासाठी ‘गोविंदाग्रज’ व विनोदासाठी ‘बाळकराम’ अशी विभागणी राम गणेश गडकरी यांनी पूर्वीच केली होती. येथे मात्र ती सत्यकथनाच्या दोन प्रकारांमधील आहे : अभ्यासकाने आपल्या विधानांची जबाबदारी स्वतःच्या नावाने घ्यायची असते, कथाकाराची जबाबदारी निर्मिलेल्या विश्वाशी असते.

तेव्हा कथालेखकाचे टोपणनाव हा केवळ बुरखा मानणे योग्य नव्हे. आरंभी ते सामाजिक दडपणाला दिलेले उत्तर असेल. पण पुढे तेच वाचकाशी केलेला करार बनते. हे कथन अनुभवातून आले असले, तरी ते कोणा एकीच्या चरित्राचा पुरावा म्हणून वाचू नये, एवढीच त्या कराराची अट असते. मराठी समीक्षेने ‘ही विभावरी कोण’ या प्रश्नाला जितके महत्त्व दिले, तितके या अटीला दिले असते, तर स्त्रियांच्या कथालेखनाचे मूल्यमापन चरित्राच्या चौकशीतून लवकर मुक्त झाले असते.