सलवार, साफा आणि कॅमेरा

रमजानचा शेवटचा अशरा सुरू झाला की आमच्या मोहल्ल्यातल्या टेलर मास्टरांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येकीच्या हातात एक चित्र असते. पूर्वी ते मासिकातून फाडलेले पान असे, आता मोबाईल असतो. मागणी मात्र तीच, ‘मास्टर, बिल्कुल ऐसाच सीना!’ मास्टर चित्रातल्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहत नाहीत. गळ्याचा काट, सलवारीचा घेर, पायचा किती, एवढेच पाहतात. चित्र दाखवून कपडा शिवून घेण्याची ही रीत जगभर आहे. परंतु कपड्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास चाळताना त्याच्या अगदी आरंभी आम्हाला आपलीच सलवार भेटली, याचे नवल वाटले.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या नव्या पेहरावाची खबर जगाला हाताने काढलेल्या, रंगवलेल्या चित्रांतून मिळत असे. कॅमेऱ्याचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला होता. पण छायाचित्र मजकुराशेजारी त्याच पानावर छापता येत नव्हते. बारीक ठिपक्यांच्या हाफटोन ब्लॉकची पद्धत शतकाच्या अखेरीस रुळली, तेव्हा ती अडचण दूर झाली. तरीही चित्रकाराला मागणी राहिलीच. रेषेने कंबर हवी तेवढी बारीक करता येते, कॅमेऱ्याला त्या काळी ते जमत नव्हते.

एप्रिल १९११ मध्ये ‘आर ए देकोरास्यों’ या फ्रेंच मासिकात एडवर्ड स्टाइकन यांनी काढलेली काही छायाचित्रे छापून आली. पोशाख पॉल प्वारे यांचे होते. केवळ कपडा न दाखवता त्याभोवतीचे सारे वातावरण दाखवणारी ही छायाचित्रे आधुनिक फॅशन छायाचित्रणाची सुरुवात मानली जातात. आता हे प्वारे कोण? पाश्चात्त्य स्त्रीला कॉर्सेटच्या जाचातून सोडवणारा म्हणून त्यांचे नाव घेतात. (पुढे त्यांनीच घोट्याजवळ इतका तंग स्कर्ट आणला की बायकांना चालणे मुश्किल झाले, तेही सांगायला हवे.) १९१० मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर ‘शेहेरजाद’ हे रशियन नृत्यनाट्य गाजले आणि पूर्वेकडच्या पेहरावाचे वेड शहरभर पसरले. प्वारे त्यात अग्रभागी होते. लंडनच्या संग्रहालयात हिंदुस्थानी साफे पाहून ते इतके भारावले की नमुने उतरवून घेण्यासाठी त्यांनी आपल्या कारागिराला तिथे पाठवले. २४ जून १९११ रोजी त्यांनी ‘एक हजार दोनावी रात्र’ नावाची मेजवानी दिली. पाहुणे सुमारे तीनशे. जो पूर्वेच्या पोशाखात आला नाही, त्याला दारातच तसे कपडे चढवले गेले. पत्नीला सोनेरी पिंजऱ्यात बसवले होते आणि तिच्या अंगावर घेरदार सलवार होती.

हीच सलवार प्वारेंनी त्या वर्षी विकायला काढली, तेव्हा मोठा गहजब झाला. ती घालून शर्यतीच्या मैदानावर गेलेल्या बायकांची लोकांनी हुर्यो उडवली. विजार पुरुषाची आणि घागरा स्त्रीचा, ही तिथली समजूत. आमच्या दादी-नानी ज्या कपड्याकडे हयेचे वस्त्र म्हणून पाहत, तेच वस्त्र तिथे बेशरमपणाचे ठरले. कपड्याच्या अंगी हया किंवा बेहयाई किती असते आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यात किती, याचा विचार आपणही करायला हरकत नाही.

देवाणघेवाण एकतर्फी होती असे आमचे म्हणणे नाही. ज्या शेरवानीला आपण खानदानी लिबास म्हणतो, तिच्या घडणीत इंग्रजी फ्रॉक कोटचा वाटा आहे. प्रश्न उसनवारीचा नाही. चित्रात कोण उभे राहिले आणि कॅमेरा कुणाच्या हाती होता, हा आहे.

याबाबतीत हैदराबादची एक गोष्ट विसरून चालणार नाही. औरंगाबाद, बीड, परभणी तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. तिथले दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये खास जनाना स्टुडिओ काढला. उंच भिंतींच्या आड, बाईनेच बाईचा फोटो घ्यायचा. काम एका इंग्रज बाईंकडे सोपवलेले होते. पर्द्यातल्या स्त्रिया ठेवणीतला पोशाख आणि दागिने घालून तिथे जात. हौस होतीच, फक्त ती कुणासमोर मांडायची हे त्यांनी ठरवले होते.

पुढची दशके भराभर सांगता येतील. १९१३ मध्ये ‘व्होग’ने बॅरन द मायर यांना पगारी छायाचित्रकार नेमले. १९३३ मध्ये हंगेरीचे मुंकाची, जे मूळचे खेळांचे छायाचित्रकार, त्यांनी मॉडेलला समुद्रकिनाऱ्यावर धावायला लावले आणि पुतळ्यासारखे उभे राहण्याचा जमाना सरला. १९४१ मध्ये सेसिल बीटन यांनी बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या लंडनच्या ढिगाऱ्यापुढे नीटनेटक्या सुटातली बाई उभी केली. १९४५ मध्ये त्याच ‘व्होग’मध्ये ली मिलर यांनी नाझी छळछावण्यांची छायाचित्रे दिली. फॅशनच्या पानांनी कधी काळी असेही काम केले आहे! गोऱ्या कातडीचा उंबरठा ओलांडायला मात्र फार काळ लागला. ब्रिटिश ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर डोनयेल लूना १९६६ मध्ये आली, अमेरिकन ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर बेव्हरली जॉन्सन १९७४ मध्ये.

आणि आपण? १९५६ मध्ये नॉर्मन पार्किन्सन ‘व्होग’साठी हिंदुस्थानात आले. जयपूरच्या राजवाड्यापुढे गुलाबी कोटातली परदेशी मॉडेल आणि शेजारी हत्ती, असे त्यांचे प्रसिद्ध छायाचित्र आहे. आपला देश पडद्याच्या जागी. १९७१ मध्ये आयर्विंग पेन मोरोक्कोत गेले. तंबूचा स्टुडिओ ठोकून त्यांनी नखशिखांत काळ्या वस्त्रात गुंडाळलेल्या स्त्रियांचे फोटो घेतले. चेहरा नाही, हात नाही, फक्त कापडाच्या घड्या. छायाचित्र सुंदर आहे, यात शंका नाही. आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. त्याचे शीर्षक ‘दोन गेद्रा’ असे आहे. गेद्रा हे तिथल्या एका नृत्याचे नाव. त्या दोघींची नावे शीर्षकात नाहीत.

ऑगस्ट २००८ मध्ये आपल्याच देशातल्या ‘व्होग’च्या आवृत्तीने गोरगरिबांच्या अंगावर महागड्या वस्तू चढवून छायाचित्रे छापली. दात पडलेल्या म्हातारीच्या कडेवर फेंडीचे लाळेरे घातलेले मूल, अनवाणी माणसाच्या हातात बर्बेरीची छत्री. चित्राखाली छत्रीच्या कंपनीचे नाव होते, छत्री धरणाऱ्याचे नव्हते. टीका झाली, होणारच होती.

मे २०१८ च्या ब्रिटिश ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर हलीमा आदन हिजाबसह झळकली. केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत जन्मलेली सोमाली मुलगी. त्या मासिकाच्या मुखपृष्ठावरची पहिली हिजाबवाली मॉडेल. आमच्या वर्गातल्या मुलींना केवढा आनंद झाला होता! नोव्हेंबर २०२० मध्ये हलीमाने हे काम सोडत असल्याचे जाहीर केले. काम करताना आपल्या दीनशी कशा तडजोडी झाल्या, ते तिने स्वतःच लिहिले. एका जाहिरातीत हिजाबच्या जागी तिच्या डोक्याला जीन्सची पँट गुंडाळली होती.

हे सारे आम्ही नववीच्या मुलींना फळ्यावर सनावळी मांडून सांगितले. पेन यांचे छायाचित्रही दाखवले. मागच्या बाकावरून एकीने विचारले, ‘सर, उन दोनों के नाम क्या थे?’ आम्ही शीर्षक वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘ये तो नाच का नाम है, सर.’

गॅदरिंगच्या ग्रुप फोटोखाली नावे लिहिण्याचे काम आम्ही तिलाच दिले. तिने उर्दूत, उजवीकडून डावीकडे, रांगेनुसार सगळी लिहिली; पाणी भरणाऱ्या खालांचेही. त्यांचे पूरे नाव आम्हाला ठाऊक नव्हते, ते ती विचारून आली होती.