भोरडीचे प्रस्थान : नांदेड-लातूर परिसरातील वसंतकालीन पक्षिदर्शनाचा विचार

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या आगमनाची नोंद होते तशी त्यांच्या प्रस्थानाची होत नाही. आलेला पक्षी ज्या दिवशी दिसतो, तो दिवस लिहून ठेवता येतो. गेलेला पक्षी गेल्याचे मात्र चार-आठ दिवसांनी ध्यानात येते, आणि तोवर तो नेमका केव्हा गेला हे सांगणारा साक्षीदार उरत नाही. वसंतातील स्थलांतराचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्यापुढील ही मूलभूत अडचण होय. नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांपुरते तिचे स्वरूप भोरडी ह्या एकाच पक्ष्याच्या उदाहरणावरून पुरेसे स्पष्ट होते.

भोरडी अथवा पळसमैना हा साळुंकीच्या कुळातील, गुलाबी अंगाचा व काळ्या डोक्याचा पक्षी आहे. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात मे-जूनमध्ये त्याची वीण होते. पावसाळ्यातच त्याचे थवे भारतात उतरू लागतात आणि चैत्र-वैशाखाच्या सुमारास परत जातात. म्हणजे वर्षातील बहुतेक काळ तो ह्या देशात असतो. येथे घरटे मात्र बांधीत नाही. दख्खनमध्ये त्याचा मुक्काम रब्बी ज्वारीच्या हंगामाशी जुळतो, आणि त्याच्याविषयीचा जुना लेखी पुरावा ज्वारीच्या निमित्तानेच निर्माण झाला आहे.

टॉमस जर्डन हे मद्रास सैन्यातील वैद्यकीय अधिकारी निजामाच्या राज्यातील जालना छावणीत काही काळ होते. १८६२ ते १८६४ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात भोरडीचे वर्णन असून, त्यात धारवाडकडील मराठी मुलखात नोकरी केलेल्या वॉल्टर एलियट ह्यांचे टिपण समाविष्ट आहे. सूर्य क्षितिजावर येताच थवे शिवारावर उतरतात. त्याच क्षणी चोहोकडून आरोळ्या, गोफणी व आसुडांचे कडाके सुरू होतात. नऊ-दहाच्या सुमारास राखणदार विसावतात व सायंकाळी पुन्हा तीच धामधूम होते, असे एलियट सांगतात. पक्ष्याला अर्धवट पिकलेला, चिकाचा दाणा अधिक आवडतो, हेही त्यांनी नमूद केले आहे.

हा चिकाचा दाणा म्हणजेच हुरड्याचा दाणा. मनुष्य आणि पक्षी ह्यांची रुची येथे एकच ठरते, आणि वैराचे मूळही ह्या समान रुचीतच आहे. मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडील व नांदेडच्या काही भागांतील कुटुंबे शेतात जाऊन पूजा करतात, भज्जी व आंबिलाचे जेवण करतात. ह्या सुमारास जोंधळा निसवलेला असतो आणि राखणीचे दिवस जवळ आलेले असतात. त्या दिवसांत भोरड्यांचा थवा पाहून आनंद वाटणे शेतकऱ्याला परवडणारे नसते. मळणी होऊन धान्य घरात आले, पळस व काटेसावर फुलली, आणि त्याच भोरड्या फुलांतील मधासाठी झाडांवर कलकलाट करू लागल्या, म्हणजे त्या निरुपद्रवी ठरतात. सायंकाळी बाभळीच्या रायांवर उतरण्यापूर्वी आकाशात त्यांचे जे वळसे चालतात, ते मग थांबून पाहता येतात. वसंतातील पक्षिदर्शनाचा आनंद हा अशा प्रकारे पिकाच्या चिंतेतून मुक्त झालेल्या समाजाचा आनंद आहे. पक्ष्याचे रूप पालटत नाही; पाहणाऱ्याची परिस्थिती पालटते. ह्याच पक्ष्याला विणीच्या प्रदेशात टोळांचा शत्रू म्हणून मान आहे, आणि चीनच्या सिंक्यांग प्रांतात त्याच्यासाठी दगडांची घरटी रचण्यात आली आहेत, ही गोष्ट ह्या संदर्भात उद्बोधक आहे.

शास्त्रीय पाहणीचा टप्पा पुढे आला. १९३१-३२ मध्ये सलीम अली ह्यांनी हैदराबाद संस्थानाची पक्षिविषयक पाहणी केली. पत्नी तेहमिना ह्या प्रवासात त्यांच्यासमवेत होत्या. ह्यू व्हिसलर ह्यांच्या टिपणांसह ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. त्या वेळी मराठवाडा संस्थानाचाच भाग होता. म्हणून ह्या प्रदेशाच्या पक्षी-इतिहासाचा तो पायाभूत दस्तऐवज ठरतो. तथापि मुक्काम बदलत जाणाऱ्या पथकाला एखाद्या गावचा पक्षी केव्हा गेला हे ठरविता येत नाही. त्यासाठी एकाच ठिकाणी रोज पाहणारा डोळा लागतो. असा डोळा मचाणावरील राखणदाराला होता. परंतु त्याच्या हाती लेखणी नव्हती.

ही उणीव पुढे सामूहिक निरीक्षणाने काही अंशी भरून काढली. १९५९ पासून सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा अभ्यास केला. २००२ मध्ये सुरू झालेल्या ई-बर्ड ह्या संगणकीय नोंदवहीत हौशी निरीक्षकही याद्या जमा करू लागले. निरीक्षकाने ओळखलेले सर्व पक्षी लिहिले असतील, तर यादीत न आढळणारे नावही पुरावा बनते. एकाच्या यादीत भोरडी नसणे हा योगायोग असू शकेल. एकाच आठवड्यात अनेकांच्या याद्यांत ती नसणे हे प्रस्थानाचे प्रमाण होय. अर्थात, वसंतातील पक्षिदर्शन सर्वांनी मिळून करण्यात जो आनंद आहे, त्याला ज्ञानदृष्ट्याही आधार आहे. मारुती चितमपल्ली व सलीम अली ह्यांच्या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला. तो हिवाळी पाहुण्यांच्या स्वागताचा काळ आहे. त्यांना निरोप देण्याच्या काळासाठी असा सप्ताह नाही.

दरम्यान शिवारच पालटले आहे. लातूर आज सोयाबीनच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. ज्वारीचे क्षेत्र घटले, आणि गोफण फिरविणारे हातही विरळ झाले. जुने वैर त्यामुळे ओसरले, परंतु त्याबरोबर रोजच्या राखणीतून मिळणारे ज्ञानही लोपत चालले आहे. थवे केव्हा विरळ होत, पळस झडण्याआधी की नंतर, शेवटचा थवा कोणत्या सणाच्या सुमारास दिसे, ह्या प्रश्नांची उत्तरे ज्यांनी बालपणी पाखरे राखली त्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या स्मरणात आहेत. सण, पीक व फुलोरा ह्यांच्याशी बांधलेल्या ह्या स्मृती कालनिश्चितीस निरुपयोगी नाहीत. आजच्या याद्यांशी त्या ताडून पाहता येतील. नांदेड व लातूर जिल्ह्यांत असे मौखिक साधन गोळा करण्याचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे आहे. भोरड्या पुढील पावसाळ्यात परत येतील. त्यांना राखणारी पिढी एकदा गेली म्हणजे परत येणार नाही.