नागऱ्याच्या परिसरातील वैद्यकशिक्षण

प्राचीन शिवमंदिरासाठी परिचित असलेल्या, गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या परिसरातून वैद्यक शिकू पाहणाऱ्याला दीर्घकाळ नागपूर गाठावे लागे. तेथील रॉबर्टसन वैद्यकीय शाळा पदवी नव्हे, तर व्यवसायाचा परवाना देणारा अभ्यासक्रम चालवी, आणि पदवीची सोय 1947 मध्ये शासकीय महाविद्यालय निघाल्यावर झाली. खाटेजवळ शिकवण्याचा आग्रह मुंबईच्या ग्रँट महाविद्यालयात चार्ल्स मोरहेड यांनी 1845 पासूनच धरला होता. तरीही पुढे आधी शवविच्छेदन, मग रुग्ण, हाच क्रम रूढ झाला. तो ठळकपणे मोडला सेवाग्रामने: 1969 मध्ये सुशीला नायर यांनी स्थापिलेल्या तेथील संस्थेत पहिल्याच वर्षी प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते व विद्यार्थ्यांकडे काही कुटुंबे सोपवली जातात. हे रुग्णालयीन प्रशिक्षण नव्हे, असा आक्षेप घेता येईल. पण आजारी माणसाचे घर त्यातून आधी दिसते, आणि ते थोडे नव्हे. 2019 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने प्रारंभिक रुग्णसंपर्क, म्हणजे पहिल्या वर्षापासून रुग्णांशी गाठ, आणि विद्यार्थ्याने स्वतः निवडायच्या ऐच्छिक प्रशिक्षणासाठी दोन महिने सर्वत्र लागू केले. 2016 मध्ये सुरू झालेल्या गोंदियाच्या महाविद्यालयाला अशा रुग्णसंपर्कासाठी कुंवर तिलकसिंह आणि बाई गंगाबाई ही रुग्णालये आयतीच लाभली होती. ऐच्छिक प्रशिक्षणातील निवडीचा पैस मात्र अतिविशेष उपचारांचे विभाग असलेल्या नागपुरात अधिक राहिला.