दंडविधीतील ‘खून’ आणि ‘वध’ : समीपार्थी इंग्रजी शब्दांचे औरंगाबादेतील दुहेरी भाषांतर

१ एप्रिल १९५१ रोजी हैदराबाद राज्यास भारतीय दंडसंहिता लागू झाली. तोपर्यंत औरंगाबादच्या न्यायालयांत निजामी संस्थानाचा स्वतःचा दंडविधी चालत असे. त्याचा साचा मात्र ब्रिटिश हिंदुस्थानातील १८६० च्या ४५ व्या अधिनियमाचाच होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि उर्दूची जागा हळूहळू मराठीने घेतली. कायद्याचा आशय फारसा न बदलता त्याची भाषा तेवढी बदलली, असा हा प्रसंग. अर्थाने अगदी लगतच्या अशा इंग्रजी शब्दांमधील सीमारेषा दोन देशी भाषांनी कशा आखल्या, हे एकाच गावात पडताळून पाहण्याची सोय त्यामुळे झाली आहे.

प्रथम इंग्रजी शब्द पाहू. ‘होमिसाइड’ म्हणजे माणसाच्या हातून माणसाचा मृत्यू होणे. हा शब्द स्वतः कोणालाही दोषी ठरवीत नाही. त्याला ‘कल्पेबल’ हे विशेषण लागले की अपराध सिद्ध होतो, आणि अशा अपराधांपैकी विशिष्ट लक्षणांनी युक्त असा जो प्रकार, तो ‘मर्डर’. कलम २९९ व कलम ३०० यांतील अंतर किती सूक्ष्म आहे, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. केलेल्या इजेने मृत्यू येण्याचा ‘संभव’ होता, इतकेच ठरले तर पहिले कलम. ती इजा निसर्गक्रमाने मृत्यूस ‘पुरेशी’ होती, असे ठरले तर दुसरे. ‘संभव’ आणि ‘पुरेशी’ या दोन शब्दांमधल्या फटीत फाशीचा दोर लोंबत असतो, कारण मृत्युदंड खुनालाच आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांच्यासारख्या कायदेपंडितानेही या व्याख्यांना संहितेतील सर्वांत दुबळा भाग म्हटले होते. जे मूळ भाषेतच निसरडे, ते भाषांतरात स्थिर राहावे ही अपेक्षा जरा जास्तच होय.

उर्दू भाषांतरकारांपुढे इस्लामी धर्मशास्त्राची तयार परिभाषा होती. दंडसंहितेच्या एकोणिसाव्या शतकातील उर्दू भाषांतरात, ज्याच्याशी डेप्युटी नझीर अहमद यांचे नाव निगडित आहे, ‘मर्डर’साठी ‘कत्ल-ए-अमद’ हा शब्द आला. ‘अमद’ म्हणजे हेतू. तेव्हा हेतुपुरस्सर केलेला कत्ल. ‘कल्पेबल होमिसाइड’साठी ‘कत्ल-ए-इन्सान मुस्तलजिम-ए-सजा’, म्हणजे शिक्षेस पात्र असा मनुष्यघात. या योजनेत एक मोठा गुण आहे: दोन्ही अपराध ‘कत्ल’ या एकाच मुळापासून फुटलेले दिसतात, आणि इंग्रजी कायद्यातील नातेही तसेच आहे. पण तीत एक दोषही आहे. हेतू दोन्ही अपराधांत असू शकतो. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाच्या भरात एखाद्याने हेतुपूर्वक प्राण घेतला, तरी कायद्याच्या दृष्टीने तो ‘मर्डर’ ठरेलच असे नाही. ‘अमद’ हा शब्द मात्र हेतू दिसताच मोठ्या अपराधाकडे बोट दाखवितो.

मराठीने निराळी वाट धरली. ‘मर्डर’साठी लोकांच्या तोंडचा ‘खून’ घेतला आणि ‘कल्पेबल होमिसाइड’साठी ‘सदोष मनुष्यवध’ हा शब्द योजला. ‘खून’ मूळचा फारसी, तेथे त्याचा अर्थ रक्त. मराठीत तो रक्तावरून रक्तपाताकडे सरकला आणि तेथेच राहिला. ‘वध’ संस्कृत. व्युत्पत्तीने हे दोन शब्द परस्परांचे कोणीच लागत नाहीत. त्यामुळे खून हा सदोष मनुष्यवधाचाच एक पोटप्रकार आहे, हे मराठी वाचकास शब्दांवरून कळत नाही. ते मुद्दाम शिकावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट ‘वध’ शब्दाच्या स्वभावाची. मराठीत कंसाचा वध होतो, कीचकाचा वध होतो, अफजलखानाचा वध होतो. नारायणराव पेशव्यांचा मात्र १७७३ मध्ये खून झाला. शस्त्र दोन्हीकडे चालले. शब्द बदलला तो बोलणाऱ्याच्या न्यायबुद्धीने. ‘हत्या’ या शब्दाला पापाचा वास आहे: ब्रह्महत्या, गोहत्या, आत्महत्या. १९४८ मध्ये गांधीजींवर झालेल्या गोळीबाराला ‘हत्या’ म्हणावे की ‘वध’, यावरून बोलणाऱ्याचा पक्ष आजही ओळखता येतो, तो यामुळेच. इंग्रजी कायदा मारणाऱ्याच्या मनात काय होते व त्याला काय ठाऊक होते, हे विचारतो. मराठीचे शब्द मरणारा कोण होता आणि पाहणाऱ्याला त्याच्याविषयी काय वाटले, हे सांगतात. ‘मनुष्यवधा’मागे ‘सदोष’ लावणे मूळ इंग्रजी विशेषणामुळे आवश्यक होतेच. परंतु मराठीत त्या विशेषणावर दुप्पट भार पडला. इंग्रजीत ते तटस्थ शब्दाला दोष देते, मराठीत आधीच्या पुण्याईतून शब्दाला सोडवून आणते.

शरीराला होणाऱ्या अपायाच्या शब्दांत मराठीची निवड अधिक नेटकी दिसते. ‘हर्ट’साठी उर्दूत ‘जरर’, मराठीत ‘दुखापत’. जवळच ‘जखम’ हा शब्द होता. परंतु कायद्याच्या ‘हर्ट’मध्ये वेदना, रोग आणि विकलता या तिन्हींचा समावेश होतो, आणि विष पाजून रोग जडविला तर कातडीवर ओरखडाही उठत नाही. ‘इंज्युरी’ची व्याख्या तर शरीर, मन, लौकिक व मालमत्ता या सर्वांना व्यापते, तिला ‘क्षती’ हा शब्द मिळाला.

‘रॉबरी’ला उर्दूत ‘सरका-बिल-जब्र’, मराठीत ‘जबरी चोरी’: रचना जवळजवळ एकच. ‘ग्रीव्हस हर्ट’ची ‘जबर दुखापत’ झाली. अरबी ‘जब्र’ म्हणजे सक्ती आणि फारसी ‘जबर’ म्हणजे वरचढ हे दोन भिन्न शब्द; मराठीच्या तोंडात ते असे मिसळले की आता वेगळे काढणे कठीण. ‘जबर’ शब्दाने वेदनेच्या तीव्रतेचा भास होतो, ही त्यातील उणीव. कायद्यात तेथे आठ प्रकारांची ठरीव यादी आहे.

औरंगाबादेत १९३७ मध्ये मौलवी अब्दुल हक यांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश अंजुमन तरक्की-ए-उर्दूने प्रसिद्ध केला. महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले. कोशांचे हे दोन उद्योग आपापल्या परीने चालू असताना सामान्य माणसाने मात्र शब्दांचा प्रश्न आकड्यांनी सोडविला. ‘त्याला तीनशे दोन लागले’ म्हटले की उर्दू वा मराठी कोणत्याच पर्यायाची गरज उरत नसे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ झाले. ‘जबर दुखापती’च्या यादीतील वीस दिवसांच्या तीव्र वेदनेची अटही पंधरा दिवसांवर आली. फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. तरी लबाड माणसाला ‘तीनशे अठरा’ म्हणणारा अद्याप कोणी भेटत नाही. तो चारशेवीसच राहिला आहे.