अन्नवस्त्र मिळेल, वाटा मिळणार नाही : अपंगत्वाचा प्रश्न आणि आंबेडकरी चळवळ

आपल्या चळवळीच्या शिबिरांत जात, वर्ग, स्त्री-प्रश्न यांवर सत्रे होतात. अपंगत्वावर होत नाही. तो विषय आपण ट्रायसायकल वाटणाऱ्या ट्रस्टांना आणि ३ डिसेंबरच्या सरकारी कार्यक्रमाला देऊन टाकला आहे. समाजशास्त्राच्या वर्गात 'समावेशन' हा शब्द आम्ही शिकलो तो परदेशी पुस्तकांतून. त्या पुस्तकांत ब्रिटन-अमेरिकेतल्या चळवळींचा इतिहास होता. या देशात अपंग माणसाला हक्कातून बाहेर कोणी काढले आणि कोणत्या ग्रंथाच्या आधारे काढले, याबद्दल एक ओळही नव्हती. तो इतिहास शोधायला गेलो की आपण थेट मनुस्मृतीपाशी पोहोचतो.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्काचे नियम आहेत. २०१व्या श्लोकात वाटा न मिळणाऱ्यांची यादी दिली आहे. नपुंसक, पतित, जन्मांध, बहिरा, वेडा, मतिमंद, मुका आणि ज्यांची इंद्रिये शाबूत नाहीत असे सगळे त्यात येतात. लगेच पुढचा श्लोक सांगतो की शहाण्या माणसाने या सर्वांना यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावे. या दोन श्लोकांवर थोडे थांबायला हवे, कारण भारतातले अपंगांविषयीचे जवळपास सगळे धोरण पुढे याच जोडीवर चालले आहे. पोट भरू, पण मालकी देणार नाही.

अकराव्या अध्यायात याचे समर्थनही सापडते. मागच्या जन्मी दिवा चोरला म्हणून या जन्मी आंधळा, विद्या चोरली म्हणून मुका, अशी तिथे पापांची जंत्रीच आहे. शूद्र-अतिशूद्रांना जे कर्मविपाकाचे गणित लावले तेच इथेही लावले. तुझे दुःख ही तुझीच कमाई आहे, असे एकदा पटवले की समाजाची जबाबदारी संपते आणि देणाऱ्याला पुण्य तेवढे मिळते.

हे केवळ जुन्या पोथीत राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. इंग्रजांनी 'हिंदू कायदा' म्हणून धर्मशास्त्रच न्यायालयात नेले. त्यामुळे विसाव्या शतकातही जन्मांध किंवा मुक्या-बहिऱ्या मुलाला बापाच्या जमिनीत हिस्सा नाकारता येत होता. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. त्यानंतरच्या वर्षी, १९२८ साली, मध्यवर्ती कायदेमंडळाने वारसाहक्कातील ही अपात्रता दूर करणारा कायदा केला, पण अर्धवट. जन्मापासून वेडा किंवा मतिमंद असलेल्याला त्यात वगळले होते आणि दायभाग पंथाला तो लागूच नव्हता. ही अपात्रता पूर्ण गेली ती १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. त्याचे २८वे कलम सांगते की रोग, व्यंग किंवा विरूपता या कारणाने कोणालाही वारसा नाकारता येणार नाही.

१९५६चा हा कायदा हिंदू कोड बिलाचाच एक तुकडा आहे. ज्या बिलासाठी बाबासाहेब वर्षानुवर्षे लढले आणि जे बाजूला सारले गेले म्हणून त्यांनी सप्टेंबर १९५१मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, ते बिल आपण स्त्रियांच्या हक्कांचे बिल म्हणून लक्षात ठेवतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच वाटेवर अपंग मुलाचा जमिनीतला वाटाही आला, हे आपल्या किती भाषणांत येते?

आता पाण्याकडे वळू. १८९८ साली इंग्रज सरकारने कुष्ठरुग्णांसाठी कायदा केला. उघड्यावर भीक मागणाऱ्या निर्धन कुष्ठरुग्णाला पोलिसांनी पकडून आश्रमात डांबावे, अशी त्यात तरतूद होती. श्रीमंत कुष्ठरुग्ण घरात सुरक्षित होता. जो भाग अधिसूचित होईल तिथे कुष्ठरुग्णाला काही धंद्यांची बंदी होती, आणि नगरपालिकेने किंवा स्थानिक मंडळाने मनाई केलेल्या सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर आंघोळ करायला, कपडे धुवायला, पाणी घ्यायला मनाई होती. ही भाषा चवदार तळ्याचे वाचक लगेच ओळखतील. कारण रोगाचे सांगितले होते, पण बाहेर ठेवण्याची रीत गावाला आधीपासून पाठ होती. हा कायदा काही राज्यांनी आधी रद्द केला, केंद्राच्या पुस्तकातून तो २०१६ साली गेला. जोडीदाराला कुष्ठरोग झाला हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९पर्यंत शिल्लक होते.

संविधानात काय घडले? सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तिच्यातून उद्भवणारी कोणतीही 'निःसमर्थता' लादणे हा त्याने गुन्हा ठरवला. इंग्रजी मसुद्यात इथे 'डिसॅबिलिटी' हाच शब्द आहे. तेव्हाच्या कायद्यात तो शब्द शरीरापुरता नव्हता. विहीर, रस्ता, दुकान, घाट यांपासून माणसाला अडवणे म्हणजे त्याच्यावर 'डिसॅबिलिटी' लादणे. म्हणून अस्पृश्यांवरील निर्बंध हटवणाऱ्या १९४६च्या मुंबई प्रांताच्या कायद्याच्या नावातही तो आहे.

१९७६ साली ब्रिटनमध्ये अपंगांच्या एका संघटनेने मांडले की शरीरातली कमतरता वेगळी आणि अपंगत्व वेगळे. अपंगत्व समाज लादतो. पुढे याला 'सामाजिक प्रतिमान' नाव पडले आणि जगभरच्या विद्यापीठांत ते नवा विचार म्हणून शिकवले गेले. त्या संघटनेतले एक प्रमुख विचारवंत व्हिक फिंकेलस्टाइन हे दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदविरोधी लढ्यात तुरुंग भोगून ब्रिटनमध्ये आलेले होते, हा योगायोग नाही. ज्याने कातडीच्या रंगावरून उभे केलेले कुंपण पाहिले, त्याला जिन्याच्या पायऱ्यांतले कुंपणही दिसले. हे जर सैद्धांतिक दृष्ट्या नवे असेल, तर महाडच्या सत्याग्रहींना त्याची ओळख पन्नास वर्षे आधीच होती. खोट माणसात नव्हती, तळ्यावरच्या मनाईत होती.

पण संविधानाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे. शारीरिक-मानसिक अपंगत्व नाही. ४१व्या अनुच्छेदात अपंगत्वात सरकारी साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात मागता न येणाऱ्या भागात. सातव्या अनुसूचीत हा विषय राज्यांकडे गेला तो अपंग व काम करण्यास असमर्थ लोकांचे 'साहाय्य' म्हणून. अन्नवस्त्राची जुनी कल्पना इथे नव्या कपड्यांत टिकून राहिली. हक्काचा पहिला मोठा कायदा यायला १९९५ उजाडले. सात प्रकारची अपंगत्वे आणि ३ टक्के आरक्षण त्यात होते. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि २०१६च्या कायद्याने प्रकार २१ झाले, सरकारी नोकरीतले आरक्षण ४ टक्के झाले. त्या कायद्याचे ९२वे कलम जरूर वाचा. सार्वजनिक दृष्टिपथात हेतुपुरस्सर अपमान करणे हा त्यात गुन्हा आहे, आणि शब्दरचना १९८९च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या वळणाची आहे. आपल्या लढ्याने घडवलेली कायद्याची भाषा दुसऱ्या पीडितांच्या कामी आली.

दोन्ही ओझी एकाच माणसाच्या खांद्यावर असतील तेव्हा काय होते? २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी अपंग, म्हणजे २.२१ टक्के. अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के आहे. कुपोषण, बाळंतपणातली हेळसांड, गटारातले, खाणीतले आणि बांधकामावरचे काम हे सगळे ज्यांच्या वाट्याला येते त्यांच्या घरात अपंगत्व जास्त असणार, यात नवल कसले. इंद्रा साहनी निकालाने अपंगांचे आरक्षण 'समांतर' ठरवले. निवड झालेला उमेदवार आपापल्या प्रवर्गात मोजला जातो, पण अपंगांच्या जागांची जातनिहाय वाटणी नसते. मग शहरातल्या चांगल्या शाळेत, लेखनिक आणि ब्रेल पुस्तकांसह शिकलेला आणि आश्रमशाळेत मागच्या बाकावर बसवून ठेवलेला, हे दोघे एकाच ४ टक्क्यांसाठी धावतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मान्य केले की अपंगांना अनुसूचित जाती-जमातींइतकीच सवलत मिळायला हवी. त्या निकालाचे आम्ही स्वागतच करतो. तुलना मात्र दोन गटांची झाली, दोन्ही गटांत असलेला माणूस तिथेही मधल्या जागेत राहिला.

एप्रिल २०२१च्या एका निकालात तो मधला माणूस प्रथमच समोर आला. आंध्र प्रदेशातल्या अनुसूचित जातीच्या, जन्मांध तरुणीवर २०११ साली बलात्कार झाला. तिने आरोपीला आवाजावरून ओळखले. तिची साक्ष डोळस स्त्रीच्या साक्षीपेक्षा कमी दर्जाची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठणकावले. जात, लिंग आणि अपंगत्व एकत्र येऊन अत्याचार कसा घडतो यावर सविस्तर लिहिले. जन्मठेप कायम ठेवली. आणि ॲट्रॉसिटीखालची शिक्षा रद्द केली! गुन्हा जातीच्या कारणाने घडला हे पुराव्यात आले नाही, असे कारण दिले. २०१६पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडित व्यक्तीची जात माहीत असणे पुरेसे केले आहे, पण घटना त्याआधीची होती. तिन्ही जुलूम एकात एक गुंतलेले आहेत हे न्यायालयाला दिसले, पण जुन्या कलमाला त्यातला एक सुटा करून सिद्ध झालेला हवा होता.

शब्दांचेही राजकारण आहेच. २०१५च्या शेवटी पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द पुढे आणला. महाराष्ट्रात २०२२ साली स्वतंत्र विभाग झाला तोही दिव्यांग कल्याण विभागच. विभाग झाला हे चांगले. पण हा शब्द ऐकताना १९३८ सालचे मुंबई विधिमंडळ आठवते. 'हरिजन' शब्द कायद्यात घालू नका असे दादासाहेब गायकवाड सांगत होते, सरकारपक्ष ऐकेना, तेव्हा बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले. ज्याला नाव द्यायचे त्याला न विचारता त्याच्यात देव पाहायचा, ही युक्ती आपल्याला परिचित आहे. आमच्या कामात भेटणारे बहुतेक जण 'अपंग' म्हणा नाहीतर काहीही म्हणा, प्रमाणपत्रासाठी चौथा हेलपाटा घालायला लावू नका, असे म्हणतात.

आणि आपले घर? विनयपिटकातल्या महावग्गात प्रव्रज्या देऊ नये अशांच्या यादीत आंधळा, मुका, बहिरा, लंगडा, कुष्ठरोगी आहेत. हे लपवण्यात अर्थ नाही. संघाचे नियम त्या काळाचे होते आणि धम्म तपासून घ्यायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. पण आज बांधलेल्या विहारांचे काय? उंच चौथरा, दहा-बारा पायऱ्या, कठड्याचा पत्ता नाही. व्हीलचेअरवरच्या उपासिकेला चौघांनी उचलून नेले की आपण फोटो काढतो. रॅम्पला लागणारे सिमेंट जयंतीच्या डीजेच्या खर्चात बसते.

एक तातडीचे काम आहे. इंग्रजांच्या जनगणनांत आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि कुष्ठरोगी मोजले जात आणि प्रत्येकाची जातही. दोन्ही मोजण्या १९३१नंतर थांबल्या. अपंगांची मोजणी १९८१ साली एकदा झाली, १९९१ला वगळली, २००१ साली परत आली. जातीची मोजणी करण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. म्हणजे जात आणि अपंगत्व हे दोन्ही प्रश्न एकाच प्रश्नावलीत विचारले जाण्याची संधी जवळजवळ शतकानंतर येते आहे. पण २०११सारखे 'अनुसूचित जाती, जमाती, इतर' एवढेच तीन रकाने छापले तर हाती काही लागणार नाही. जातनिहाय, जिल्हानिहाय आणि अपंगत्वाच्या प्रकारानुसार तक्ते प्रसिद्ध करा, ही मागणी आत्ता, मोजणीच्या आधी, लेखी गेली पाहिजे. आणि प्रगणक वस्तीत येईल त्या दिवशी आपले कार्यकर्ते दारोदार हवेत, कारण लग्नाच्या बहिणी आहेत म्हणून आतल्या खोलीतल्या मुलाचे नाव न सांगणारी घरे प्रत्येक वस्तीत आहेत.