हिशोब कुणाला दाखवायचा?

मागच्या महिन्यात विहारात मंडळाची बैठक झाली. रात्रीचे साडेबारा वाजले तरी कुणी उठेना. विषय एकच होता, मुंबईच्या एका संस्थेचं पत्र. वसतिगृहातला तांदूळ कुठं जातो, शिष्यवृत्ती कुणाच्या खिशात जिरते, हे आपली पोरं दोन वर्षं माहिती अधिकाराखाली शोधतायत. ते त्या संस्थेला कळलं. ती म्हणते, तीन वर्षं पैसा देतो. दोन पोरांना पगार, एक खोली, एक कॉम्प्युटर. दुसऱ्या पानावर अटी. दर तीन महिन्यांनी इंग्रजीत अहवाल द्यायचा. मोर्चा, धरणं, रास्ता रोको करायचा नाही. अधिकाऱ्याचं नाव त्यांना विचारल्याशिवाय छापायचं नाही.

पोरांत सरळ दोन तट पडले. एक म्हणाला, "पैसा कुणाचा का असंना, चोर तर धरायचाय. झेरॉक्सला, एस्टीला पैसा काय आभाळातनं पडतो?" दुसरा म्हणाला, "त्यांचं मीठ खाल्लं की जीभ गेलीच समजा." मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. काका, तुम्ही बोला. मी बोललो, पण तुकड्यातुकड्यानं. इतिहास धरून बोलायचं राहून गेलं. ते इथं लिहितो.

माझा आजा वतनदार महार. वतनदार हे नाव मोठं. काम काय, तर राबायचं सरकारसाठी आणि पोट भरायचं गावानं. जमा झालेला सारा तालुक्याला पोचवायचा. कुलकर्ण्याचं दप्तर डोईवर घ्यायचं. आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागायची. आजा सांगायचा, "दप्तर सारी जिंदगी म्या वाह्यलं, पर आत काय लिवलंय ते मला कुनी दावलं न्हाय." सगळ्या गावाचा हिशोब त्याच्या डोक्यावर होता आणि त्यातलं अक्षर त्याला कळत नव्हतं. कळलं असतं तरी बोलला असता का? रात्रीची भाकरी त्याच गावाच्या हातात होती.

मित्रांनो, भ्रष्टाचाराची आपली सुरुवात इथून आहे. पांढरपेशा माणूस भ्रष्टाचार म्हणतो तेव्हा त्याला लायसनसाठी द्यावी लागणारी नोट आठवते. आपल्याला दप्तर आठवलं पाहिजे. दप्तर कुणाच्या ताब्यात आणि पोट कुणाच्या हातात, हे दोन प्रश्न सुटे करता येत नाहीत. जोतिरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात लिहिता-वाचता येणारा कामगार अडाणी कुणब्याला सरकारदरबारी कसा नागवतो हेच दाखवलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल आणलं. महाराचा मोबदला गावाच्या मर्जीवर लोंबकळत राहू नये, हा त्यातला गाभा. बिल पास झालं नाही. वतन गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

आता महाड घ्या. आपण महाड म्हटलं की पाणी म्हणतो. पण त्या पाण्यामागं सरकारी कागद होता. १९२३ साली बोले यांचा ठराव कौन्सिलात पास झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही ठराव केला. तळं कागदावर उघडलं, काठावर बंदच राहिलं. १९२६ साली बोले यांनी पुन्हा ठराव आणला, की जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचं अनुदान बंद करा. म्हणजे सरकारनं दिलेला शब्द सरकारकडूनच वसूल करायचा, हे काम आपल्या लोकांनी माहिती अधिकाराच्या कितीतरी आधी केलेलं आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली, तेव्हा जमलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. हक्काचं तळं समोर आणि पाणी विकतचं. त्यानंतर कोर्टकचेरी चालली ती १७ मार्च १९३७ च्या हायकोर्टाच्या निकालापर्यंत. दहा वर्षं लढा रेटायला पैसा लागतोच. तो कसा उभा करायचा, हा प्रश्न बाबासाहेबांनाही होता.

बाहेरचा पैसा त्यांनी घेतला नाही, असं जो सांगतो तो पोथी सांगतो. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. त्याआधी १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला गेले. पण या दोन पैशांत फरक बघा. शाहूंच्या पैशानं लेखणीला दावं बांधलं नाही. बडोद्याच्या पैशाबरोबर दहा वर्षं नोकरी करायचा करार होता. १९१७ साली ते नोकरीला हजर झाले, तर ऑफिसात विटाळ आणि शहरात राहायला जागा नाही. म्हणजे नुसतं कुणाकडून घेतलं, एवढं विचारून भागत नाही. बदल्यात काय लिहून दिलं, तेही विचारा.

तिसरा पैसा हरिजन सेवक संघाचा. हा धडा आपल्या पोरांनी पाठ करावा. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ मध्ये हा संघ निघाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस ठक्करबाप्पा. बाबासाहेब सुरुवातीला त्याच्या मंडळावर होते. नोव्हेंबर १९३२ मध्ये विलायतेला जाताना बोटीवरून त्यांनी ठक्करबाप्पांना लांबलचक पत्र लिहिलं. विहिरी, शाळा, चावडी इथले नागरी हक्क मिळवायला गावोगाव मोहीम काढा. कामाला अस्पृश्यांतलीच माणसं घ्या, कारण भाडोत्री माणसाला त्या कामाची कळकळ असत नाही. पत्राला उत्तर आलं नाही. संघानं पैसा खर्च केला तो वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, दवापाणी यांवर. विहिरीवर जाऊन उभं राहायला नाही. बाबासाहेब बाहेर पडले. पुढं संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा मागितली तर उत्तर मिळालं, की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, म्हणून कारभार त्यांचाच. दान देणारा आपल्या पापाचा हिशोब देवाला दाखवणार. ज्याच्या नावानं पैसा गोळा झाला त्याला दाखवायची गरज नाही!

हिशोब या गोष्टीचं बाबासाहेबांना काय मोल होतं, हे आपण विसरतो. रुपयाचा प्रश्न आणि प्रांतांचा वित्तव्यवहार यांवर ग्रंथ लिहिलेला माणूस तो. ३० मे १९४९ ला घटना समितीत ते म्हणाले, की देशाचा हिशोब तपासणारा महालेखापरीक्षक हा घटनेतला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी, न्यायाधीशांपेक्षाही त्याचं काम मोठं. पण महालेखापरीक्षक दिल्लीत बसतो. मस्टर असतं गावात.

मस्टर हा शब्द मी लहानपणी शिकलो. १९७२ च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. मस्टरवर अंगठा घ्यायचे आणि हातावर पैसे टेकवायचे. मस्टरवर किती लिहिलंय हे तिनं कधी विचारलं नाही. आज्याचं दप्तर आणि आईचं मस्टर, एकाच घरातल्या दोन पिढ्या.

हाच सवाल राजस्थानात दुष्काळी कामावरच्या बायाबापड्यांनी विचारला. म्हणून तिथली गोष्ट सांगतो. अजमेर जिल्ह्यात हरमाडा गावाची नौरतीबाई, आपली दलित बाई. रस्त्याच्या कामावर मजुरी कमी पडते म्हणून तिनं मजुरांना गोळा केलं. तिलोनियाच्या संस्थेचे संजित रॉय प्रकरण घेऊन सुप्रीम कोर्टात गेले. १९८३ साली निकाल लागला, की दुष्काळी काम झालं तरी किमान वेतनाहून कमी देता येणार नाही. तिलोनियाची संस्था अनुदानावर चालणारी होती, हे लपवायचं कारण नाही. अनुदानाचा पैसा कोर्टापर्यंत जाऊ शकतो. मात्र मजुरांना उभं केलं ते नौरतीबाईनं. २०१० साली तीच बाई हरमाड्याची सरपंच झाली.

त्याच मुलखात १ मे १९९० ला भीम गावी मजदूर किसान शक्ती संघटना उभी राहिली. अरुणा रॉय सनदी नोकरी सोडून आलेल्या, बरोबर शंकर सिंह आणि निखिल डे. देवडूंगरी गावात मातीच्या घरात राहायचे. त्यांनी ठरवलं, संघर्षासाठी परदेशी पैसा नाही आणि संस्थांचं अनुदानही नाही. लोकांनी स्वखुशीनं दिलेल्या देणग्या घ्यायच्या. पूर्णवेळ कार्यकर्त्याला मानधन किती, तर मजुराच्या किमान वेतनाएवढं. आणि स्वतःचा हिशोब लोकांसमोर उघडा.

मजुरांनी मस्टर मागितलं तर अधिकारी म्हणाले, सरकारी कागद गोपनीय. तरी नकला हाताला लागल्या. २ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यात कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. मांडव घातला आणि मस्टर मोठ्यानं वाचलं. नाव पुकारलं की माणूस उठून सांगायचा, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. कुठं मेलेल्याच्या नावावर मजुरी उचललेली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीच ते दप्तर खोटं पाडलं. एप्रिल १९९५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत नकला द्यायचं कबूल केलं, पण आदेश निघेना. मग ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर शहरात ४० दिवस धरणं. गावांतून घरटी धान्य आलं, बाजारातल्या लोकांनी हात दिला. धान्य देणारी बाईच धरण्यावर बसली, म्हणून 'आता उठा' असं वरून सांगणारा कुणी नव्हता. त्याच साली देशपातळीवर मोहीम निघाली. २००० साली राजस्थानचा आणि २००५ साली देशाचा माहिती अधिकार कायदा आला. आज आपण १० रुपये भरून अर्ज करतो, त्यात त्या धान्याचा वाटा आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. सनदी अधिकारी राहिलेल्या बाईला दिल्लीत दार उघडतं. आपल्या पोराला तहसील कचेरीत खुर्चीसुद्धा मिळत नाही. ओळखी हीसुद्धा पुंजीच, आणि ती आपल्याकडं नाही. म्हणून 'त्यांना जमलं, तुम्हाला का नाही?' असा टोमणा मी पोरांना मारणार नाही.

आता सरकारची बाजू बघा. परदेशी देणग्यांवरचा कायदा आला १९७६ साली, ऐन आणीबाणीत. १९८२ साली जेपींच्या बाजूनं गेलेल्या गांधीवादी संस्थांच्या चौकशीला कुदाल आयोग नेमला. २०१० साली कायदा आणखी कडक केला. २०११ च्या नियमांत तर बंद, रास्ता रोको, रेल रोको करणाऱ्या संघटनेला राजकीय ठरवून परदेशी पैसा रोखायची सोय केली. २०२० साली सुप्रीम कोर्टानं त्याला लगाम घातला. त्याच साली दुरुस्ती आली, की मोठ्या संस्थेनं परदेशी पैसा लहान संस्थेला द्यायचा नाही. आणि राजकीय पक्ष? २०१४ साली दिल्ली हायकोर्टानं दोन मोठ्या पक्षांना परदेशी कंपनीशी जोडलेल्या देणग्यांबद्दल दोषी धरलं. तर २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांत दुरुस्ती करून पार १९७६ पासूनचं पाप धुऊन टाकलं. घ्या! कंपन्यांच्या नफ्यातले दोन टक्के समाजकार्याला द्यायचा २०१३ चा कायदा आहे. त्याच्या यादीत शिक्षण आहे, आरोग्य आहे, स्वच्छता आहे. सरकारच्या चोरीवर पाळत ठेवणं त्यात नाही. संडास बांधायला पैसा मिळतो. संडासाचं बिल तपासायला मिळत नाही.

आणि चोरी कुणाची होते? २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल खेळ झाले. अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेचे ६०० कोटींहून जास्त रुपये त्या खेळांकडं वळवल्याचं माहिती अधिकारातून बाहेर आलं, आणि राज्यसभेत सरकारला ते कबूल करावं लागलं. आपल्या पोरांचं शिक्षण, आपल्या वस्तीची गटारं, यांचा पैसा स्टेडियमच्या दिव्यांत जळाला. म्हणून हे काम सोडून चालणार नाही.

पण एकट्यानंही चालणार नाही. मार्च २०१८ मध्ये गुजरातेत राजकोट जिल्ह्यातल्या माणेकवाडा गावात एका दलित तरुणाचा खून झाला. त्यानं गावच्या रस्त्याच्या खर्चाची माहिती मागितली होती. संस्थेचा पगार त्या रात्री आडवा येत नाही. आडवी येते ती वस्ती, आणि वस्ती तेव्हाच येते जेव्हा काम तिचं असतं.

बैठकीत शेवटी असं ठरलं. संस्थेला कळवलं, की झेरॉक्स, टपाल, प्रवास यांसाठी पैसा घेऊ, पगारासाठी नाही. तुमचा पैसा उद्या बंद झाला तरी काम बंद पडणार नाही, एवढाच घेऊ. धरणं आणि नावं यांबद्दलच्या अटी काढा. अहवाल मराठीत मिळेल, आणि आधी विहारात वाचून दाखवला जाईल. अजून उत्तर नाही. न आलं तर न आलं. तोवर वस्तीतल्या ६१ घरांकडून महिन्याला २० रुपये. हा अंकही त्यातूनच सायक्लोस्टाईल झाला.

जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावतो. परवा एका म्हातारीनं तो पोराकडून मोठ्यानं वाचून घेतला. ऐकून म्हणाली, "चहाला १४० कसं झालं रं?" पोरगं लाजलं, बिल काढून दाखवलं. मला राग आला नाही. आज्याला हे विचारता आलं नव्हतं.

जयभीम.